रशीदभाई प्लेटवाले

गिऱ्हाईकाची परीक्षा घेतल्याशिवाय रशीदभाई त्याला रेकॉर्ड विकत नसत. जिंतूरच्या बाजारात त्यांचं लहानसं दुकान होतं; समोर चावीचा फोनो, मागं फळ्यांवर उभ्या लावलेल्या तबकड्या. ते नवी सुई बसवत, प्लेट लावत आणि गाणं संपलं की विचारत, "काय ऐकलं?"

"बाई गायली. चांगली गायली," एकदा एक कापसाचे व्यापारी म्हणाले.

"तिच्यामागं सारंगी व्हती का न्हवती?"

"ते काय ध्यानात न्हाई बा."

"मग उद्या या. प्लेट कुठं पळून जायली न्हाई."

व्यापारी चिडून निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी खरंच परत आले. रशीदभाईंचा धंदा असा चाले, म्हणजे फारसा चालत नसे. माल सेलू स्टेशनवर उतरे. तो आणायला ते स्वतः जात आणि देवगाव फाट्यामार्गे परत येताना भरल्या मोटारीत खोकं छातीशी धरून उभे राहत. जागा असली तरी बसत नसत. "बसलं की खड्डा प्लेटीला लागतो. उभं राहिलं की माझ्या गुडघ्याला लागतो," म्हणायचे. पोलीस ॲक्शननंतर त्यांचे बरेचसे नातेवाईक हैदराबादला गेले होते. "तिकडं प्लेटी लय हायेत. इथं ऐकवणारा कोण हाय?" एवढंच ते म्हणत आणि राहिले.

मी तिथल्या शाळेत गणित शिकवत असे. स्नेहसंमेलनासाठी एक रेकॉर्ड हवी होती, म्हणून त्यांच्याकडे गेलो. बाजार करायचा होता, तेव्हा बायको, कमल, सोबत होती. प्लेट सुरू झाली आणि चार ओळी होतात न होतात तोच कमल हळूच म्हणाली, "जास्त पळायलीय."

मी तिला डोळ्यांनी दटावलं. रशीदभाईंनी मात्र सुई उचलली. तबकडीखाली कागदाचा कपटा अडकवला, खिशातलं घड्याळ काढलं आणि फेरे मोजले. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर हवे होते, ब्याऐंशी भरले. त्यांनी घड्याळ मिटलं आणि आतली एकुलती एक खुर्ची बाहेर आणून फडक्यानं पुसली.

"बसा, बाई. तीन महिने झाले, ही मशीन मला फसवायलीय. गाणं शिकलात कुठं?"

"माहेरी. अंबाजोगाईला. मामा शिकवायचे."

आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. मी तिला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. ती खुर्चीत बसून बोलत होती आणि मी पिशवी धरून उभा होतो.

त्यानंतर नवा माल आला की रशीदभाईंचा निरोप येई. कमल शेजारच्या काकूंना घेऊन जाई आणि घरी आली की तिच्या चेहऱ्यावर असं काही असे, जे मी आणलेल्या कुठल्याच लुगड्यानं कधी आणलं नव्हतं. रशीदभाई तिच्या वडिलांपेक्षाही मोठे होते. संशयाला जागा असती तर मला बरं वाटलं असतं. निदान रागाला नाव देता आलं असतं. माझा जळफळाट वेगळाच होता. माझ्या बायकोत राहणारी एक बाई त्या माणसाला चार ओळींत भेटली होती, आणि मला ती माहीतच नव्हती.

एके दिवशी मी म्हणालो, "शाळेतल्या लोकांत बरं दिसत नाही. जाऊ नकोस."

"बरं," कमल म्हणाली. कारण विचारलं नाही. तिनं जाणं थांबवलं आणि घरातलं गुणगुणणंही थांबलं.

महिन्याभरानं रशीदभाई शाळेच्या फाटकापाशी उभे दिसले.

"मास्तर, बाई बीमार हायेत काय?"

"नाही. त्यांना आता आवडत नाही," मी म्हणालो.

ते म्हणाले, "गेल्या टायमाचा माल हलकाच व्हता. माझंच चुकलं. माफी सांगा त्यांना."

ती माफी मी घरी पोचवली नाही. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या सुमारास रशीदभाई दुकान मोडून हैदराबादला मुलीकडे गेले, तेही मी सांगितलं नाही. कमलला ते काकूंकडून कळलं.

दोनेक वर्षांनी रशीदभाईंचं पत्र आलं. पोस्टमननं ते कमलच्याच हातात दिलं. पत्र उर्दूत होतं. निजामाच्या अमलात माझं शिक्षण उर्दूत झालेलं. तिला ते अक्षर वाचता येत नव्हतं. तिनं पत्र माझ्यापुढं धरलं. "वाचा."

मी वाचू लागलो. हैदराबादेत आता नव्या तऱ्हेची प्लेट आली आहे. लाखेची नाही, वाकवली तरी तुटत नाही, एका बाजूला वीस-वीस मिनिटं चालते. गवयाला आता घाईनं आटपावं लागत नाही. जावयाच्या दुकानात सगळे म्हणतात, महाग आहे, खपणार नाही. मी सगळ्यांशी भांडतो. पण बाईंनी ऐकून पसंत केल्याशिवाय माझी खात्री होत नाही.

पुढं एक वाक्य होतं. ते मी गाळलं आणि शेवटचा सलाम वाचून पत्र मिटलं.

कमल म्हणाली, "परत वाचा."

या वेळी मी गाळू शकलो नाही. 'बाई दुकानात आल्या त्या दिवशी मला कळलं, की तोवर इतकी वर्षं मी एकटाच ऐकत होतो.'

"मघाशी हे न्हवतं वाचलं तुमी."

"नव्हतं," मी म्हणालो. आणि मग फाटकापाशी बोललेलं खोटं, न पोचवलेली माफी, सगळंच सांगून टाकलं.

ती रडली नाही, रागावलीही नाही. आत गेली आणि दौत, टाक, कागद आणून माझ्यापुढं ठेवले.

"उत्तर लिहायचंय. मी सांगते तसं लिहा."

मी बैठक मारली. ती सांगत गेली, मी उर्दूत उतरवत गेलो. त्यातली कितीतरी वाक्यं रशीदभाईंविषयी होती; तशी माझ्याविषयी कुणी कधी बोलणार नाही. मी एकही शब्द गाळला नाही.