कठड्यापाशी उभं राहू नका

रविवार, ९ जून २०१३, सकाळी साडेसहा. लालबागची आमची चाळ, दुसऱ्या मजल्याची गॅलरी. हजर: बाबा, आई, धाकटा भाऊ महेश, शेजारच्या नलूमावशी, माझा नवरा अजित, चार वर्षांचा ओम आणि मी. माणसं सात, बॅगा चार. टॅक्सी खाली थांबलेली.

मेलबर्नला निघताना फोटो हवा म्हणून मी नवा फोन आईच्या हातात दिला. खोली दहा बाय बारा. त्यामुळे फोटो म्हटला की सगळ्यांनी गॅलरीच्या कठड्याला टेकून उभं राहायचं आणि काढणाऱ्याने दारात, ही आपल्या चाळीची पद्धत. बारशापासून निरोपापर्यंत सगळे फोटो तसेच निघाले. विमानतळावर उघडून पाहिलं, तर मागे पांढरंफेक आभाळ आणि पुढे सहा काळ्या आकृत्या. बाबा टोपीवरून ओळखू आले. आई अर्थातच त्यात नव्हती.

‘पुढच्या खेपेला नीट काढणे’ असं मी वहीत लिहिलं. पुढच्या खेपेला भलतीच कामं निघाली आणि त्यानंतरच्या खेपेआधी बाबा गेले.

इथे मेलबर्नला मला भाड्याच्या घरांचं काम बघणाऱ्या ऑफिसात नोकरी मिळाली. भाडेकरू येण्याआधी आणि गेल्यानंतर प्रत्येक खोलीचे फोटो फोनवर काढायचे आणि कंडिशन रिपोर्टला जोडायचे. पहिल्याच आठवड्यात सीनियरने माझे सगळे फोटो परत केले. मी कॅमेरा खिडकीकडे धरून काढले होते, त्यात खिडकीशिवाय काही दिसत नव्हतं. तेव्हा बाबा आठवले. आम्ही अभ्यासाला बसलो की ते म्हणायचे, “उजेडाकडे पाठ करू नको, वहीवर तुझीच सावली पडते.” ज्याचा फोटो, त्याचं तोंड उजेडाकडे. इतकं साधं होतं, आणि शिकायला मला समुद्र ओलांडावा लागला.

आता चाळ पुनर्विकासाला जाते आहे. पुढच्या महिन्यात खोलीची किल्ली द्यायची, आणि मला रजा डिसेंबरशिवाय नाही. म्हणून महेशला एकच काम दिलं: त्या खोलीत आईचा एक चांगला फोटो. बाबांचा राहिला, हा राहून चालणार नव्हता. त्याने लगेच पाठवला. कठडा, आभाळ, काळी आई. मी व्हिडिओ कॉल लावला.

“आधी लेन्स पूस. झूम करू नको, दोन पावलं पुढे जा. आणि आईला आत बसव, तू गॅलरीत जा.”

“ताई, लग्नाचं शूटिंग आहे काय? आत काळोख असतो.”

आई मधेच म्हणाली, “माझो फोटो कित्याक? भिंतीचो काढ, ती पडतली.”

मी तिला उजेड समजावून सांगायला लागले. कॅमेरा, कोन, दाराकडे तोंड. तिने पुरतं ऐकून घेतलं. “ह्या माका शिकवतंस? मी तांदूळ काय काळोखात निवडतंय?”

आणि सूप घेऊन ती उंबऱ्याच्या आत, दाराकडे तोंड करून बसली. जन्मभर मी तिला तिथेच बसलेली पाहिली होती. सुईत दोरा तिथेच ओवायची, आमच्या पायातला काटाही तिथेच काढायची. ती कामाची जागा, म्हणून तिथे फोटो काढावा असं कधी कुणाला सुचलं नाही.

फोटो आला. कपाळावरच्या रेषा, चष्म्याची वाकलेली काडी, मागे फळीवर ओळीने डबे. सगळं स्पष्ट. आपल्या चाळीत ज्यांना अजून किल्ली द्यायची आहे त्यांनी आपापल्या माणसांना तिथेच बसवावं, म्हणून हे लिहिते आहे. बाहेर गेलेल्यांनी घरी फोन करून सांगावं.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. मी बारा वर्षांत पाठवलेले सगळे फोटो तिने महेशकडून पाहून घेतले होते. “घर बघलंय, ओम बघलंय, लिंबाचा झाड बघलंय. तू खंय आसस?”

मी शोधलं. ती म्हणते ते खरं आहे. प्रत्येक वेळी फोन माझ्याच हातात होता.

इतकी वर्षं मी लालबागच्या खोलीला घर म्हणत आले आणि इथल्याला नुसता पत्ता. खोली जाईल. पण नव्या इमारतीत सकाळचा उजेड कुठून येणार, हे आईने महेशला विचारून ठेवलंय. तांदूळ तिथे निवडायचे आहेत. तिचं घर तेवढ्याने सुरू होणार. इथे माझ्या किचनची खिडकी पूर्वेला आहे आणि मी रोज तिच्याकडे पाठ करून चहा पिते. शनिवारी टेबल फिरवून ठेवलं. अजितला लेन्स पुसायला सांगितली आहे.

वहीत एक ओळ उरली: माझा फोटो, आईला पाठवणे. अजून टिक नाही.