तोंडावरची किडकी वांगी

धाड गावच्या बाजाराच्या दिवशी मी घर सोडलं. दिवस मुद्दाम निवडलेला नव्हता. औरंगाबादकडे जाणारी एस.टी. दुपारी होती आणि बाबांना वांगी घेऊन बाजारात यायचंच होतं, म्हणून मायने माझी पेटी वांग्यांच्या टोपल्यांशेजारी बैलगाडीत ठेवली. महाराष्ट्र होऊन वर्ष झालं होतं. मी मास्तरीण होण्याचं शिक्षण घ्यायला नगरला निघाले होते. पेटीत दोन लुगडी, चार पुस्तकं आणि बुलढाण्याच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी हॉस्टेलच्या मेट्रनबाईंना लिहिलेली चिठ्ठी होती.

बस यायला वेळ होता, म्हणून भाजीवाल्यांच्या रांगेत बाबांपाशी उभी राहिले. उभी राहिले नसते तर बरं, असं तेव्हा वाटलं. त्या रांगेत बाबांची टोपली लांबूनही ओळखू यायची. सगळ्यांच्या टोपलीच्या तोंडावर चकचकीत, टपोरी वांगी मांडलेली असत आणि वाकडी, भोकं पडलेली तळाशी. बाबांच्या टोपलीच्या तोंडावर किडकी वांगी असत. चांगली सगळी खाली.

शेजारी कोथिंबीर विकणाऱ्या काशीमावशीने माझ्याकडे पाहिलं आणि जुड्यांवर पाणी शिंपडत बाबांना म्हणाली, "तुळशीराम, पोरीले पाहायले पाहुणे येतीन तवा काय करशीन? पहिले तिच्या खोडी सांगशीन?"

"हाव, सांगीन ना," बाबा म्हणाले. "मंग जो बसून राहीन, तोच खरा पाहुणा."

"मंग राहते तुही पोरगी घरीच."

"घरी कुठं राहून राह्यली? ते तं चालली नगरले."

रांग हसली. मी मान खाली घातली. बस आल्यावर बाबांनी पेटी टपावर चढवली आणि खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाले, "पोचल्यावर लिवजो." त्यांच्या बोटांत वांग्याच्या देठाचे काटे रुतलेले होते. ते काढत ते उभे राहिले आणि बस हलली.

भोकरदन मागे पडल्यावर मी चिठ्ठी उघडली. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. पाळकसाहेबांनी लिहिलं होतं: मुलगी वाचायला बसली की चुलीवरची भाकरी करपते. राग आला की दोन दिवस बोलत नाही. गणित कच्चं आहे. हे सर्व आधी लिहावं, असा तिच्या वडिलांचा आग्रह आहे. मग खाली, पान उलटल्यावर, माझ्याबद्दल चार बरे शब्द होते. मला रडू आलं. बाबांनी मलाही टोपलीसारखं मांडून पाठवलं होतं.

ही टोपली उलटी कशी झाली, ते सांगायला हवं, कारण त्यात माझाही हात आहे.

मी सातवीत होते तेव्हा बाजारात एक म्हातारे ख्रिस्ती प्रचारक यायचे. त्यांनी बाबांना शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, एक छोटं पुस्तक दिलं. बाबांना वाचता येत नव्हतं. दुपारी बैल सोडले की विहिरीच्या काठावर ते वांगी निवडत बसायचे आणि मी वाचून दाखवायची. वर्षभराने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाळकसाहेबांनी नवीन नाव सुचवलं तेव्हा बाबा म्हणाले, "नाव बापानं ठेवलं, ते कायले बदलू?" अशा रीतीने आमच्या माळ्यांच्या गावात तुळशीराम नावाचा एकुलता एक ख्रिस्ती झाला.

वाचता वाचता एकदा ते वचन आलं, ज्यात शेवटच्यांना पुढे आणण्याची गोष्ट आहे. आमच्या मळ्यात 'शेवटचा' हा शब्द माणसाला लावत नाहीत. शेवटचा म्हणजे तोडणी संपत आल्यावर निघणारा किडका, वाकडा माल, जो टोपलीच्या तळाशी जातो. बाबांचा हात थांबला. "पुना वाच," म्हणाले. मी पुन्हा वाचलं. त्यांनी भरलेली टोपली पोत्यावर उपडी केली आणि पुन्हा भरायला घेतली. यावेळी शेवटचा माल शेवटी, म्हणजे वर.

पाळकसाहेबांना हे कळलं तेव्हा ते खूप हसले, असं म्हणतात. पण त्यांनी बाबांची चूक दुरुस्त केली नाही.

टोपलीखेरीजही बरंच बदललं. पूर्वी ढवळ्या बैल अडला की बाबा त्याच्या सात पिढ्या काढायचे. आता शिव्या बंद झाल्या, पण बैलाला काहीतरी म्हणायला तर हवं. मग ते म्हणू लागले, "चाल रे भल्या माणसा." गाव बांधावर थांबून ऐकायचं. आणि एके दिवशी ते जेवायला बसले आणि मायला म्हणाले, तूही बस. तिला वाटलं भाजीत काही चुकलं. नवऱ्यासमोर बसून जेवण्याची तिची ती पहिली वेळ. घास तिला गिळवेना. बाबांनी स्वतः उठून तिला पाणी दिलं, तेव्हा तर ती उठून चुलीपाशीच जाऊन बसली. सवय व्हायला तिला एक हंगाम लागला. पुढे माझी मैत्रीण आमच्याकडे जेवायला आली की घरी जाऊन आईला सांगायची, त्यांच्या घरी सगळे गोल बसतात.

हे सगळं गावाने चालवून घेतलं. देवही चालवून घेतला. बाबांचे थोरले भाऊ, माझे मोठेबाबा, आठ दिवस बोलले नाहीत, मग बोलू लागले. पण टोपली त्यांना चालली नाही. बाजारात दोघे भाऊ शेजारीशेजारी बसत. हळूहळू गिऱ्हाईक मोठेबाबांच्या टोपलीपाशी येऊन म्हणू लागलं, "जरा तुळशीराम करून दाखवा." म्हणजे टोपली उपडी करा, तळ पाहू द्या. माणसाच्या नावाचं क्रियापद झालं होतं, आणि ते त्याच्या सख्ख्या भावाच्या वर्मी लागत होतं.

एका बाजारी मोठेबाबा सगळ्यांदेखत उठले. "तुले कोणचा देव पुजायचा तो पूज. पण हे नाटक बंद कर. बाजूले बसून मले चोर ठरवून राह्यला तू."

"दादा, म्या तुह्याबद्दल एक शबुद काढला नाई."

"तुही टोपली बोलते ना बे."

बाबा टोपलीतली वांगी सारखी करत राहिले. मोठेबाबा म्हणाले, "आजपासून तुह्या दारात माहा पाय नाई. भावकीतला एक माणूस जर तुह्या मयतीले आला, तं मले सांगजो."

"मी कसा सांगीन, दादा? मी तं मेलेला राहीन."

कोणी हसलं नाही. बाबांनीही ते हसण्यासाठी म्हटलं नव्हतं. आमच्याकडे माणूस कसा जगला याचा निवाडा त्याच्या मयतीला कोण आलं यावर होतो, आणि बाबांचा निवाडा मोठेबाबांनी आधीच सुनावला होता. त्या दिवसापासून मायच्या मनात ही एकच भीती राहिली. मी नगरला जाताना ती भीतीही माझ्याबरोबर आली.

नगरला मेट्रनबाईंनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला आणि मला विचारलं, "भाकरी खरंच करपते?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, माझ्याकडे इतकी वर्षं मुली येतात, चिठ्ठीत सगळ्या सद्गुणी असतात. आठवड्याने त्यांनी पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली. ती माझ्याकडे का आली, ते मला फार उशिरा कळलं.

नगर वेगळं होतं. तिथे ख्रिस्ती असणं म्हणजे कोणाला काही सांगावं लागत नव्हतं. रविवारी घंटा व्हायची, क्वायरमध्ये हार्मोनियम, मुलींच्या पायात पॉलिश केलेले बूट, नाताळला केक. मी 'मी आली, मी गेली' म्हणायची, तर हॉस्टेल हसायचं. वर्षात मी 'आले, गेले' म्हणू लागले. शास्त्राच्या तासाला ते शेवटच्यांचं वचन आलं आणि बाईंनी त्याचा खरा अर्थ फळ्यावर लिहून दिला. त्यात वांगी कुठेच नव्हती.

त्याच सुमारास मायचा निरोप आला. तिने शेजारच्या पोरीकडून लिहवून घेतला होता: "तू शिकेल हायेस. बापाले लिव. टोपली सोडली तं भाऊ घरात येईन." मी लिहिलं. चार पानं लिहिली. वचनाचा अर्थ, त्याचा संदर्भ, कुठे चूक झाली, सगळं व्यवस्थित. आज ते पत्र आठवलं की अंगावर काटा येतो. अक्षर फार सुंदर होतं.

बाबा तोवर स्वतः लिहायला शिकले होते. पाटीवर गिरवतात तशा मोठ्या अक्षरांत पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच मजकूर: "अर्थ चुकला असन. टोपली चुकली का, ते लिवजो."

मी उत्तर लिहायला बसले आणि पहिलंच वाक्य जमेना. चुकली म्हणावं तर ते खोटं झालं असतं. नाही चुकली म्हणावं, तर मायची भीती तशीच राहिली असती. पुढच्या पत्रात मी नगरच्या थंडीबद्दल लिहिलं. बाबांनी पुन्हा विचारलं नाही. मी तिथेच शाळेत लागले, दर नाताळला घरी गेले, आणि दर वेळी मोठेबाबा आमच्या दारावरून मान फिरवून गेले. मी त्यांना नमस्कार करायला त्यांच्या ओट्यावर जायची. ते माझ्याशी बोलायचे, चहा द्यायचे, भावाचं नाव मात्र काढायचे नाहीत.

बाबा हिवाळ्यात गेले, भरदुपारी, मोट थांबवून विहिरीपाशी टेकले असताना. शाळेत तार आली. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत मी धाडला पोचले. बुलढाण्याचे पाळकसाहेब आले होते. माय भिंतीला टेकून बसली होती आणि तिने मला पहिला प्रश्न विचारला, "कुठं ठेवायचं त्याईले?"

गावात आमचं एकच ख्रिस्ती घर, त्यामुळे दफनाची जागा नव्हती. पाळकसाहेब म्हणाले, बुलढाण्याला नेऊ, गाडी बघतो. पण बाबांना आपल्याच मळ्यात राहायचं होतं, हे माय पक्कं सांगत होती. मळ्याची जमीन ओलिताची, हातभर खणलं की ओल. कोरडी, उंच जागा एकच होती, ती म्हणजे आमच्या आणि मोठेबाबांच्या वावरामधला धुरा, दोघांच्या सामाईक बांधाचा पट्टा. त्याला हात लावायचा तर मोठेबाबांना विचारायला हवं होतं.

मी गेले. ते ओट्यावर बसले होते, अंगावर काहीच न घेता, त्या थंडीत.

"कोणं पाठवलं? मायनं का पाद्र्यानं?"

"मीच आली, मोठेबाबा." नगरला घालवलेली 'आली' आपोआप परत आली. मी धुऱ्याचं सांगितलं. आमच्या बाजूचा अर्धाच मागितला.

"अर्ध्या धुऱ्यात माणूस झोपते काय?" ते म्हणाले. "बाप तुहा गेला. भाऊ तं माहा होता." मग उठले, कुदळ घेतली आणि माझ्यापुढे चालू लागले. आमच्या अंगणात ते थांबले नाहीत, थेट आत गेले. माय तोंडावर पदर घेऊन उठली. त्यांनी भावाकडे एकदा पाहिलं, बाहेर आले आणि दारात जमलेल्या भावकीच्या पोरांना म्हणाले, "उभे काऊन राह्यले बे? माह्या वावराच्या अंगानं खोदाले लागा. इकडं मुरूम हाय."

त्या दिवशी शेजारच्या गावी बाजार होता. तिकडे निघालेली काशीमावशी आणि भाजीच्या रांगेतले सगळे डोक्यावरचा माल उतरवून धुऱ्यावर बसून राहिले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली तेव्हा निम्म्या लोकांना आमेन कधी म्हणायचं ते कळलं नाही. कोणी आधी म्हटलं, कोणी नंतर. मला ते नगरच्या क्वायरपेक्षा बरं वाटलं. बाबांनी कोणाला काही शिकवलं नव्हतं, कोणाला देव बदल म्हणून सांगितलं नव्हतं. मोठेबाबा अजूनही टोपलीचं तोंड सजवतात. तरी त्या धुऱ्यावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की इथे असा एक माणूस ठेवला आहे, ज्याच्या मालाचा तळ कोणी कधी तपासला नाही. मी त्याची मुलगी आहे, हे मी आता नगरला आपण होऊन सांगते.

धाडला राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखी पेटी घेऊन निघून गेलेल्यांनो, घर कुठे आहे हा प्रश्न तुम्हालाही पडत असेल. मला पुष्कळ वर्षं वाटत होतं, घर म्हणजे माय आहे तोवर. नगरच्या खोलीत माझी पुस्तकं आहेत, तिथली माणसं चांगली आहेत. पण गेल्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा मोठेबाबा त्यांच्या वावरात वखर हाकत होते. धुऱ्याजवळ आले की त्यांचे बैल आधीच वळायचे, बांधापासून चांगले चार हात आतून, आणि कबरीभोवती एक अर्धगोल मोकळा सुटायचा. चांगली काळी जमीन होती ती.

मी म्हटलं, "मोठेबाबा, तुमच्या दोन ओळींची जागा जाते."

ते थांबले नाहीत. वखरावर पाय तसाच ठेवून म्हणाले, "मले काय सांगते? आता बैलंच वळते."