अर्ध्यावर आटवलेलं पाणी

डॉक्टरांनी टीपकागदावर माझ्या तान्ह्या सुजाताच्या रक्ताचा एक थेंब टाकला. मग माझ्या बोटाला सुई टोचून माझाही थेंब शेजारी टाकला आणि कागद हवेत हलवत राहिले. माझा थेंब लालभडक झाला. तिचा काकवीसारखा तपकिरी होता, तो तसाच राहिला.

"बाई, हिच्या हृदयाला भोक वगैरे काही नाही," डॉक्टर म्हणाले. "हिचं रक्त बिघडलंय. आणि मला वाटतं, ते पाण्यानं बिघडलंय."

त्यांनी रोगाचं नाव सांगितलं, मेथेमोग्लोबिनेमिया. रक्तातला जो लाल पदार्थ श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवतो, तो या रोगात निकामी होतो. रक्त फिरतं, पण रिकाम्या हातानं फिरतं. बाळ श्वास घेत असतं आणि तरी आतून गुदमरत असतं. मला ते नाव धड उच्चारताही आलं नाही. मी एवढंच विचारलं, "जगेल ना?"

"औषध वेळेत मिळालं तर," ते म्हणाले.

ज्यांच्या घरात वरच्या दुधावरचं तान्हं मूल आहे आणि दारात विहीर आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आम्ही अडाणी नव्हतो. मी गावच्या शाळेत शिक्षिका होते, हे जिंतूरला कचेरीत कारकून होते. तरी आमच्यावर ही पाळी आली.

आमचं गाव झरीच्या पुढं, जिंतूर रस्त्यापासून थोडं आत. आमची बौद्ध वस्ती गावाच्या उतारावर, अगदी खाली. बहात्तरच्या दुष्काळात वस्तीसाठी विहीर मंजूर झाली आणि वस्तीतल्याच माणसांनी ती खणली. त्याआधी आमच्या बायका गावच्या विहिरीवर घागर खाली ठेवून उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे, नाही तर उभं राहायचं. नव्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी माझे सासरे, ज्यांना आम्ही मामा म्हणत असू, सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आता त्या हिरीची पायरी चढायची न्हाई." ते शब्दाचे पक्के होते. घरातलं कुणी पुन्हा तिकडे फिरकलं नव्हतं.

सुजाताच्या जन्मानंतर मला विषमज्वर झाला. तापात अंगावरचं दूध आटलं आणि पोर डब्याच्या दुधावर आली. पावडर पाण्यात कालवायची आणि पाजायची. मी शाळेत पोरांना 'पाणी उकळून प्या' हा धडा शिकवणारी. त्यात नुकतीच तापातून उठलेली. जंतूंची इतकी धास्ती घेतली होती की वाटी उकळायची, चमचा उकळायचा. सासूबाईंचं कारण वेगळं होतं. बाळंतिणीला आणि बाळाला पाणी द्यायचं ते अर्ध्यावर आटवूनच, हे त्यांच्या माहेरचं शास्त्र. सासूबाईंचं आणि माझं सहसा कशावर जुळायचं नाही. या एका गोष्टीवर मात्र छान जुळलं.

पावसाळ्यात पोरीचा रंग उतरू लागला. आधी ओठ, मग नखं, जांभळं खाल्ल्यासारखी. कधी कमी व्हायचं, कधी वाढायचं. शेजारणींनी दृष्ट काढली. आरोग्य केंद्रातल्या कंपाउंडरनं छातीला नळी लावून मान हलवली आणि म्हणाला, हृदयाचं असेल. काहीतरी पोटात गेलं असेल म्हणून आम्ही पाणी आणखी आटवलं. पोर आणखी निळी पडली. मग आम्ही आणखी आटवलं.

मला रोज पाळण्याजवळ जायची भीती वाटायची, आणि दूर गेले की जास्तच वाटायची. तिचं नख दाबून बघायचा नादच लागला. एका सकाळी तिनं दूध तोंडात घेतलं नाही, रडलीही नाही, नुसती धापा टाकत राहिली. आम्ही तिला घेऊन रस्त्यावर आलो. एसटी भरून आली होती, पण पोरीकडे बघून बायकांनी न बोलता जागा दिली. त्यांच्या तोंडावर जे दिसलं ते मला अजून विसरता येत नाही. परभणी येईपर्यंत मी पदर तिच्या नाकापाशी धरून बसले होते, तो हलतो की नाही बघत.

दवाखान्यात आल्याबरोबर प्राणवायू लावला. मला वाटलं, आता रंग येईल. नळी लावूनही ओठ तसेच राहिले. नर्सबाई डॉक्टरांकडे बघू लागल्या आणि मी नर्सबाईंकडे. तेव्हाच डॉक्टरांनी तो टीपकागद मागवला होता.

औषध होतं मिथिलिन ब्ल्यूचं इंजेक्शन. दवाखान्यात ते नव्हतं. हे चिठ्ठी घेऊन दुकानं पालथी घालायला गेले. सासूबाई पोरीच्या पायाला हात लावून बसल्या. मी व्हरांड्यात जात होते, फाटकाकडे बघत होते, परत येत होते. वाट बघणं हा शब्द त्याला पुरत नाही. आपलं सगळं अंग फक्त डोळे झालेलं असतं. स्टेशनाजवळच्या एका दुकानात ते मिळालं. हे धावत आले तेव्हा त्यांच्या पायात एकच चप्पल होती.

कुपी बघितली आणि मी घाबरून मागे सरले. औषध शाईसारखं गडद निळं. आधीच निळ्या पडलेल्या पोरीच्या शिरेत निळंच सोडायला निघालेत. "ह्यानं कसं बरं होईल?" मी विचारलं. "बघत राहा," डॉक्टर म्हणाले आणि अगदी सावकाश सुई रिकामी करू लागले. मी डोळे मिटले. शिक्षिका असून देवाचं नाव घ्यावं की बुद्धाचं, काही सुचेना. नुसतं 'सुजाता, सुजाता' म्हणत राहिले.

थोड्या वेळानं सासूबाईंनी माझा हात ओढला. ओठांचा जांभळा रंग पुसल्यासारखा जात होता. आत गुलाबी दिसत होतं. मग ती रडली, चांगली खणखणीत. दुपट्यावर हिरवट निळी लघवी झाली तेव्हा सासूबाई पुन्हा हादरल्या, पण डॉक्टर म्हणाले, औषधच बाहेर पडतंय, घाबरू नका.

मग त्यांनी विचारलं, विहीर कुठं आहे? तिच्या वरच्या अंगाला काय आहे?

"गावाचे उकिरडे," हे म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "जंतू म्हटलं की तुम्हाला रोगच आठवतो, बाई. पण शेणाचं खत कोण करतं? जंतूच. ते शेणमूत खातात आणि त्याचं शेवटी नायट्रेट होतं. ज्वारी हिरवीगार होते ती त्याच्यावर. जंतू नसते तर जमिनीला काही परत मिळालंच नसतं. पण इतके उकिरडे उतारावर आणि विहीर खाली. पिकानं न घेतलेलं पावसाबरोबर झिरपून विहिरीत येतं. तुम्हाआम्हाला ते बाधत नाही. तान्ह्या पोटात मात्र आंबटपणा कमी असतो. तिथले जंतू त्याचं नायट्राइट करतात आणि ते रक्ताला धरतं."

"आम्ही तर उकळून, अर्ध्यावर आटवून देत होतो," मी म्हणाले.

"उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट जिवंतच नाही, ते मरेल कसं? पाणी वाफ होऊन जातं आणि ते पातेल्यात राहतं. अर्ध्यावर आटवलंत म्हणजे दुप्पट केलंत."

सासूबाईंनी पोरीला लावलेला हात काढून घेतला. "मंग म्या माझ्या हातानं लेकराला इख पाजायले होते का?"

"नाही, आजी. तिच्या आईला झाला तो ताप तिला झाला नाही, तो तुमच्या उकळण्यामुळंच. उकळा, पण एक उकळी आली की उतरवा. आणि त्या विहिरीचं पाणी वर्षभर हिला अजिबात नको. उकिरड्यांच्या वरच्या अंगाची विहीर असेल तिचं आणा. नाही तर हे परत होईल."

वरच्या अंगाची विहीर एकच होती. गावची.

पोर वाचल्याचा आनंद मला धड एक दिवसही मिळाला नाही. घरी येताना सगळ्या वाटेवर तीच भीती होती. घागर घेऊन तिथं कोण जाणार? गेलं तर काय होईल? आणि मामांना हे कोण सांगणार?

शेवटी मीच सांगितलं. ते ओट्यावर बसले होते. त्यांनी वस्तीच्या विहिरीकडे बघितलं. मग म्हणाले, "हीर आमी खंदली. तिच्यात खोट कशी निघंल?"

"विहिरीत खोट नाही, मामा. जागाच आपल्याला अशी दिली, उकिरड्याखालची."

ते उठून आत गेले. मला वाटलं, रागावले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोक्याला पटका होता, हातात घागर आणि खांद्यावर दोर. "चल," ते मला म्हणाले, "डाक्टरनं काय सांगितलं ते तुला नीट बोलता येतंय."

गावच्या विहिरीवर बायका होत्या, पारावर माणसं. सगळे बोलायचे थांबले. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात एक म्हातारी पुढं होऊन म्हणाली, "लेकरू दवाखान्यात व्हतं म्हणं. ठिवा घागर खाली, आमी वाढताव पाणी."

तिच्या मनात वाईट नव्हतं, हे मला आजही वाटतं. मामांनी घागर खाली ठेवली नाही.

"न्हाई माय," ते म्हणाले. "नातीला पाजायचं हाय. माझ्या हातानं शेंदतो."

आणि ते पायरी चढले. पारावरचा एकजण अर्धा उठला. त्याचं काय म्हणणं होतं कोण जाणे, कारण म्हातारीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो खाली बसला. मामांनी दोर सोडला. घागर पाण्यावर आपटल्याचा आवाज आला तेव्हा कुठं मी श्वास घेतला.

वर्षभर ते रोज गेले. कधी कुणी टोमणा मारला, कधी कुणी तोंड फिरवलं. पुढं पुढं वस्तीतल्या इतर बायकाही त्यांच्या मागून जाऊ लागल्या. सुजाता मोठी झाली. त्या डॉक्टरांचे, धावत औषध आणणाऱ्या यांचे, आटवून आटवून जपणाऱ्या सासूबाईंचे उपकार मी मानतेच. माझी भीती मात्र गेली नाही, आणि ती जावी असंही वाटत नाही. आता मी पाणी स्वच्छ आहे का, एवढंच विचारत नाही. ते कुठून वाहत आलं आणि आपल्याला त्या उताराखाली कुणी बसवलं, हेही विचारते.