दगडाचा पहिला घास

गफूरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा माझी गिरणी चालू होती. पट्ट्याच्या आवाजात घंटी ऐकूच आली न्हाई. दळण संपवून अंगावरचं पीठ झटकलं अन् बघितलं, तर त्यांच्या पोराचे, सलीमचे चार फोन. तीर्थपुरीहून एसटीनं जालन्याला पोचेस्तोवर मिट्टी होऊन गेल्ती. चाळीसव्याला मात्र वेळेवर गेलो. त्याला आता पंधरा दिवस झाले. मी चवथी शिकलेला माणूस, लिहिण्यात चुका होतील. पण जे झालं ते बराबर सांगतो.

गफूरभाईंचं जालन्यात दुकान, गिरणीच्या सामानाचं. दगड, पट्टे, बेअरिंग, दुसरं काही न्हाई. दगड मागितला की आधी सवाल. "ज्वारी जास्त का गहू? मोटार केवढी? पीठ गरम पडतंय का?" मंग गुडघ्यावर बसून कुलपाच्या किल्लीनं दगड वाजवायचे, कान लावून. एकानं हट्टानं मोठा दगड मागितला, तर म्हणाले, "तुमची मोटार रडंल. न्हाई देत." गिऱ्हाईक रिकामं परत! अन् दगड दिला की सोबत कापडी पिशवीत दोन किलो किडकी ज्वारी, फुकट. नव्या दगडाची कच पहिल्या दळणात उतरते, म्हणून आधी ही ज्वारी दळायची अन् ते पीठ फेकून द्यायचं. त्याला ते म्हणायचे दगडाचा पहिला घास.

एका साली मी नवा दगड घेतला, पण ती पिशवी उचलली न्हाई. "भाई, इतकी वर्षं गिरणी चालवून राह्यलो, मला दळण शिकवता का?"

ते हसले. "तुम्हाला कोण शिकवणार सोपानभाऊ? मी तर दगडाला जेवू घालून राह्यलो."

"आमच्या घरी ज्वारी पिकते," म्हणालो, अन् दगड टेम्पोत टाकून निघालो. दुसऱ्याच दिवशी गावातल्या लग्नाचे गहू आले. घाई होती... तसेच दळले. पंगतीत पहिली पुरी मोडली अन् सगळ्या मांडवात कचकच. एक म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "सोपाना, मला दात न्हाईत तेच बरं झालं रे!" मांडव हसला. तेव्हा मी उभा राहून काय बोललो? "गफूरनं दगडच खराब दिला."

रागानं गिरणी बंद ठेवली. चौथ्या दिवशी गफूरभाई स्वतः आले, बगलेत तीच निळ्या काठाची पिशवी. भांडले न्हाईत. ज्वारी दळली, पीठ बाहेर फेकलं, मंग माझ्याच घरचे गहू दळून चिमूटभर पीठ माझ्या तोंडात घातलं. कच न्हाई, बिलकुल न्हाई.

"आता बोला," म्हणाले.

मी म्हणालो, "चहा घ्या."

तेवढंच. रिकामी पिशवी घेऊन ते परत गेले. मांडवातला माझा शब्द मात्र गिरण्यागिरण्यांत फिरला होता. त्याच साली रस्त्याला काचेच्या दाराचं मोठं दुकान उघडलं, स्वस्त. आमच्या भागातले गिरणीवाले तिकडं वळले. गफूरभाई दोन वर्षं दुकानात बसून नुसते दगड पुसत होते, असं भाबी सांगायच्या. मीही त्या काचेच्या दुकानात गेल्तो एकदा. "हा ज्वारीला चालंल का?" विचारलं, तर तिथला माणूस फोनमधून मान न काढता म्हणाला, "सगळ्याला चालतो." कुणाचं पीठ गरम पडायला लागलं, कुणाची मोटार जळाली. हळूहळू एकेक जण गफूरभाईंकडं परतला. ते कुणाला टोमणा मारायचे न्हाईत. पुन्हा तेच सवाल, तीच किल्ली. पुढं मी दोन दगड त्यांच्याकडूनच घेतले. पिशवी त्यांनी दिली न्हाई, मी मागितली न्हाई. घरी येऊन गुपचूप ज्वारी दळायचो.

मागच्या आठवड्यात सलीमकडं दगड घ्यायला गेलो. त्यानं सगळं विचारलं, किल्लीनं वाजवलं, पहिला दगड बाजूला सारून दुसरा काढला. टेम्पोत चढवला. मी तिथंच उभा... शेवटी तोंडातून निघालं, "सलीम, पिशवी?"

 त्यानं गल्ल्यामागच्या खिळ्यावरून निळ्या काठाची जुनी पिशवी काढली अन् तिच्यात ज्वारी भरली. तीच पिशवी. "आब्बा सांगून गेलेत काका. सोपानभाऊची पिशवी इथंच राहू दे, मागतील त्या दिवशी दे."

लग्नाच्या वेळचा तो दगड चांगला होता. घास मी दिला न्हाई. हे मांडवात बोलायचं होतं, आता लिहून राह्यलो. पिशवी माझ्या गिरणीत टांगली आहे, बटणाशेजारी. दळणाला आलेला कुणी ना कुणी विचारतोच, हिच्यात काय? मंग गिरणी बंद करून सांगावं लागतं.