अंगठ्याखालची नावं

"नावं कशाला पायजेत वो? निकाल वाचा!"

असं म्हणून ते वर्तमानपत्रात छापलेल्या न्यायाधीशांच्या नावांवर अंगठा ठेवायचे. सर्वोच्च न्यायालयाची बातमी असली की हटकून. पेणच्या कोर्टात ते शिपाई आणि मी कारकून. वयाने माझ्या वडिलांएवढे, तरी मला भाऊसाहेब म्हणायचे. मी त्यांना काका म्हणायचो. नव्वदचं दशक होतं, दिल्लीत सरकारं भराभर बदलत होती. टपरीवर चहा पिता पिता आम्ही दीडशहाणे, कुठला जज्ज कुठल्या पक्षाच्या राजवटीत नेमणूक होऊन वर गेला यावरून निकालाची भाकितं करायचो. काकांना ते अजिबात खपायचं नाही.

तुम्ही कधी कोर्टाच्या व्हरांड्यात ताटकळला असाल, तर पुकारा ऐकलाच असेल. शेठजींचं नाव अदबीने आणि गरिबाचं खेकसून. काकांचा सूर मात्र सगळ्यांना एकच. एकदा त्यांनी एका माजी आमदाराचं नाव नुसतंच पुकारलं, तर कार्यकर्ते अंगावर धावून आले.

"साहेब म्हणायला काय होतं?"

"सायेब आत बसलेत," काका म्हणाले. "भायेर नुसती नावं."

निवडणुकीआधी सगळे पक्ष कॅलेंडरं वाटायचे. काका वरचा पुढाऱ्याचा फोटो कातरून टाकायचे आणि खालच्या तारखा तेवढ्या भिंतीला लावायचे. मी घरी गेलो की काकू कपाळावर हात मारायच्या. "बगा भाऊसाहेब, भिंतीला नुसता धड टांगलाय." काका म्हणायचे, "अगो, तारीख बगायला मुंडकं कशाला लागतं?"

त्यांचं गाव खाडीकाठी, खारेपाटात. तिथली त्यांची तीन एकर भातजमीन सरकारने एका कंपनीसाठी घेतली होती, आणखी दहा घरांच्या जमिनींबरोबर. कंपनीने कुंपण घातलं आणि पुढे काहीच केलं नाही. गाव मुंबईच्या हायकोर्टात हरलं आणि दिल्लीला गेलं. दिल्लीत तीन जज्जांपुढे प्रकरण लागलं, त्या दुपारी काका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. कुणी ऐकत नाही ना, ते पाहिलं. मग हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, नावं काय हायेत वो त्यांची?"

मी मूर्ख. मला चेव चढला. "काका, पेढे आणा! जमीन घेतली ती एका पक्षाच्या राज्यात, आणि यातले दोघं वर गेलेत दुसऱ्या पक्षाच्या राज्यात. दोन विरुद्ध एक, लिहून ठेवा."

आणि गाव जिंकलं. पेपरात छापून आलं, दोन विरुद्ध एक. त्या दुसऱ्या पक्षाने गावात गुलाल उधळला, आमच्यामुळेच न्याय मिळाला असा फलक लावला. काका दुसऱ्या दिवशी कामावर आले. मला म्हणाले, "तुमी सांगितलात, तस्संच झाला." मला वाटलं, कौतुक करताहेत. मी हसलोसुद्धा.

आठवड्याने त्यांनी निकालाची प्रत आणून माझ्या टेबलावर ठेवली. वकिलाकडून मागून आणलेली, सगळी इंग्रजीत.

"तुमाला विंग्रजी येता. कारण काय दिलाय त्यांनी, तेवडा वाचून सांगा. कारण खरा असल तर जमीन आमची. नायतर उद्या दुसरे जज्ज आले का दुसऱ्याची."

"वाचतो की," मी म्हणालो.

वाचलं नाही. आधी कामं होती, मग माझी रोह्याला बदली झाली. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. माझंच भाकीत त्या कागदांत लिहिलेलं निघालं तर त्यांना काय सांगू? काका दोनदा एसटीने रोह्याला आले. "वाचलात काय?" "चाललंय, काका." तिसऱ्यांदा आले तेव्हा माझी मलाच लाज वाटली. म्हणालो, "वाचलं. कारण अगदी पक्कं आहे."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "कितव्या पानावर हाय?"

मी त्यांच्यासाठी चहा मागवला. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग "बरा" म्हणाले, चहा संपवला आणि स्टँडकडे गेले.

पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा रोह्याच्या कोर्टात आला. काका जाऊन महिना झाला होता. मुलाला वारसाचे कागद करायचे होते. बोलता बोलता तो म्हणाला, "ताबा मिळाल्यापासून दोन वरसा सगल्यांनी लावणी केली, आमचाच तुकडा वसाड. बाबा म्हनायचे, भाऊसाहेबांचा वाचून होऊ दे."

मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. त्याचे कागद करून दिले, शिक्का मारला. संध्याकाळी घरी जाऊन ती प्रत काढली आणि वाचायला बसलो.

शेतकऱ्यांना नोटीस दिली नाही, त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं नाही, म्हणून जमीन घेणंच बेकायदा. सतराव्या पानावर आहे. त्यावर तिघांचंही एकमत होतं. एक जज्ज वेगळे पडले ते, ताबा किती महिन्यांत परत द्यायचा, एवढ्याच मुद्द्यावर.

सगळं वाचायला मला पाऊण तास लागला.