आपला, रेडिओ

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण रेडिओच्या नावाने खोटं पत्र लिहायचा मूर्खपणा एकदाच केला, आणि तोही आमच्या हेडमास्तरांना. यंत्रावर त्यांच्याइतका जीव टाकणारा हेडमास्तर उभ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी बावीस वर्षांची, आमच्या वस्तीतली पहिली मास्तरीण, रिसोडजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत नवी लागलेली. खांद्याला पर्स असायची. पर्समध्ये काही नसायचं, डोक्यातही फारसं नव्हतं. ऐट मात्र दोन्हींत मावत नव्हती.

हेडमास्तर उंच, किडकिडीत, टोपी नेहमी डाव्या कानावर कललेली. शाळेला सरकारकडून रेडिओ मिळाला त्या दिवशी त्यांनी त्याचं नाव थेट मास्तरांच्या हजेरीपटात घातलं. सर्वांत शेवटी माझं नाव होतं आणि माझ्या नावाच्या वर रेडिओचं, कारण तो माझ्या आधी आठ दिवस रुजू झाला होता. त्याला वेगळी खुर्ची होती. मी मात्र पहिले दोन महिने खडूच्या पेटाऱ्यावर बसले. सेल संपले की पटावर रेडिओची किरकोळ रजा लागायची, आणि शिपाई ते सेल छपराच्या टिनावर उन्हात वाळत घालायचा. "मास्तर दमते, यंत्र दमत नाही," असं हेडमास्तर सांगायचे आणि सांगता सांगता टिनाकडे पाहायचे. दुपारी शाळेचा कार्यक्रम लागला की साऱ्या वर्गाने उभं राहून रेडिओला नमस्ते करायचं. तिकडून "नमस्कार, बालमित्रांनो" आलं की हेडमास्तरांची छाती फुगायची. "पाहा, देते का नाही उत्तर!"

त्यांच्याजवळ एक जाड वही होती. शिक्षणाविषयी जे सुचेल ते तीत लिहायचे आणि शनिवारी शाळा सुटल्यावर आम्हाला वाचून दाखवायचे. एका शनिवारी निघालं, 'यंत्र आले, आता शिक्षकाची गरज काय?' पुढच्या शनिवारी, 'शिक्षकच नसेल तर यंत्राचे बटण कोण दाबील?' दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, तुमाले काय वाटते?" दोन्ही वेळा मी मान डोलावली. मला अजून नक्की उमगलेलं नाही की ते कोणत्या बाजूचे होते. त्यांनाही उमगलं होतं की नाही, देव जाणे.

त्यांचं म्हणणं एवढंच पक्कं होतं, की रेडिओ मास्तर आहे तर पोरांनी त्याला प्रश्न विचारले पाहिजेत. म्हणून पोरांचे प्रश्न ते पोस्टकार्डावर उतरवून रेडिओच्या पत्त्यावर पाठवायचे. जून गेला, दिवाळी गेली, उत्तर एकाचंही नाही. सहावीतली शकीला रोज त्यांच्या टेबलाशी यायची. "सर, माह्या प्रश्नाचं आलं का?" तिचा प्रश्न होता, हिवाळ्यात इहिरीचं पानी कोमट काहून लागते? हेडमास्तर म्हणायचे, "येईन पोरी, येईन. त्याले का एकच शाळा हाय?" पण शकीलाची पाठ वळली की त्यांचा चेहरा असा व्हायचा, की मला पाहवायचं नाही.

म्हणून एका रविवारी घरी वाशीमला गेले असताना मी डाव्या हाताने कार्ड लिहिलं: 'चि. शकीला, हिवाळ्यात पृथ्वीच्या पोटातील उष्णता वर येते, त्यामुळे विहिरीचे पाणी तापते. आपला, रेडिओ.' हे मी कुठे वाचलं होतं म्हणाल, तर कुठेच नाही. लिहिताना खरं वाटलं, एवढंच. कार्ड तिथल्याच पेटीत टाकलं. रेडिओ काही वाशीमला राहत नाही, हे ध्यानात आलं तेव्हा मी परतीच्या एसटीत बसले होते.

हेडमास्तरांनी ते कार्ड प्रार्थनेत तीनदा वाचलं. शिक्का पाहून तर हरखलेच. "वाशीमहून आलं! आपन समजत होतो रेडिओ लय दूर असते!" आणि आनंदाच्या भरात त्यांनी शाळेतलं एकुलतं थर्मामीटर कपाटातून काढलं. रेडिओचं म्हणणं पोरांनी डोळ्यांनी पाहावं, ही त्यांची हौस. पौषापासून दर सोमवारी सकाळी सहावीचा वर्ग विहिरीवर. बादली वर आली की शकीला नळी बुडवायची आणि हेडमास्तर वहीत पारा मांडायचे. माघ झाला, फाल्गुन झाला, चैत्राचं ऊन चटकू लागलं, तरी पारा आपला त्याच रेघेशी. शेवटी शकीला म्हणाली, "सर, पानी तसंच हाय. हिवाळ्यात आपन गार पडतो म्हून ते कोमट लागते."

दुसरा कुणी हेडमास्तर त्या पोरीला डोक्यावर घेऊन नाचला असता. आमचे मात्र कठड्यावर मटकन बसले. दुपारी मला बोलावलं. समोर माझं कार्ड आणि एक कोरा कागद. "बाई, रेडिओ खोटं बोलला. असा मास्तर मी शाळेत कसा ठेवू? वरच्या हापिसाले लिहितो, वापस न्या. संगं हे कार्ड लावतो." आणि शेजारीच, त्याच टेबलावर, माझा वर्षाचा शेरा लिहायचा कागद. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्यावर ठरायचं होतं.

बाबांनी वस्तीत घरोघरी सांगून ठेवलं होतं, माही पोरगी मास्तरीण हाय. ते आठवलं. तरी खरं ते बोलले. डावा हात पुढे करून बोलले, जसं काही सारी चूक त्या हाताचीच होती.

हेडमास्तरांनी कार्ड उलटून वाशीमचा शिक्का पुन्हा पाहिला. आता ते नाहीत. मी त्याच शाळेतून पिकून निवृत्त झाले, आणि हल्ली नातवंडं प्रश्न विचारायला माझ्याकडे न येता मोबाइलकडे जातात, तेव्हा मला ते टेबल आठवतं. त्यांनी खुर्चीवरच्या रेडिओकडे पाहिलं, मग माझ्याकडे, पुन्हा रेडिओकडे. कोरा कागद घडी करून खिशात घातला, माझा शेऱ्याचा कागद पुढे ओढला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळं हसले:

"म्हंजे तुमी चुकल्या? रेडिओ नाही चुकला? मंग काही फिकीर नाही. तुमी शिकसान. त्याले कोन शिकवते, बाई?"