गणपाचं शेवटचं पान

चंद्रावर उमटलेला पावलाचा ठसा कोण पुसतं?

घाईने उत्तर देऊ नका. मी दिलं होतं. "वारा," म्हणाले होते. त्यावर समोरच्या म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सरकवून मला नीट पाहून घेतलं होतं. "वारा? काऊन वं पोरी, चंद्रावर वारा कुठून आणला? कुरखेड्याहून नेला का तू?"

ते सोमाभाऊ. पस्तीस वर्षं जंगलात फिरलेले, निवृत्त झालेले वनरक्षक. कुरखेड्यातल्या त्यांच्या घरी जो येईल त्याला पाण्याच्या गडव्याबरोबर हा प्रश्न मिळायचा. पोस्टमनला मिळायचा, विमा एजंटला मिळायचा, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनाही मिळाला होता म्हणतात. उत्तर ते स्वतःच देत. "कोणीच पुसत नाई. वारा नाई, पाऊस नाई, गुरंढोरं नाई. तिथी पाऊल पडलं का पडलं. पुसलं असन, तं माणसानंच पुसलं."

आमची ओळख भांडणातून झाली. मी पुस्तिकांवर वाढलेली मुलगी. दर ऑक्टोबरात बाबा नागपूरहून पिशवी भरून चळवळीच्या पुस्तिका आणत, मी अंगणात बसून त्या मोठ्याने वाचत असे. कॉलेजात गेल्यावर स्वतःच पत्रकं लिहू लागले. त्या वर्षीच्या पत्रकाचा मथळा होता : 'वनखात्याचा प्रत्येक माणूस लाकूडचोर!' बसस्थानकावर ते वाटत असताना एका म्हाताऱ्याने ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. लोक पत्रकाची घडी घालून खिशात ठेवतात. शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. वाचून झाल्यावर त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि 'प्रत्येक' या शब्दाभोवती गोल केला.

"कितीक पाह्यले तू?"

"काय?"

"वनखात्याचे माणसं. एक मी हाये. चाल घरी. सागाची एक वस्तू सापडली तं हे पत्रक मी वाटीन, तुह्यासंग."

मी गेले. मला वाटलं, आता पकडते बघा. खाट बाभळीची निघाली, कपाट लोखंडी, दाराच्या चौकटी सिमेंटच्या. स्वयंपाकघरात मात्र लाटणं सागाचं सापडलं. मी ते विजयाने उंच धरलं. सोमाभाऊंनी गंभीर चेहऱ्याने बायकोला हाक मारली. "सखूबाई, पुरावा सापडला. खुलासा करा."

सखूबाई चुलीपुढून उठल्याही नाहीत. "हे लाटणं माह्या मायच्या घरचं हाये. तवा हा बाप्या नोकरीतही नोता आन माह्या नशिबातही नोता. ठेव ते पोरी जाग्यावर, पोळ्या लाटाच्या हायेत."

मी पोळ्या खाऊन परतले. पुढच्या पत्रकात 'प्रत्येक' नव्हता. तीन ठिकाणांची तोड होती, तोडलेल्या झाडांच्या थुटांचे क्रमांक होते. सोमाभाऊंनी ते वाचून परत दिलं. "आता खरं हाये. म्हणून आता झोंबन." आणि ते झोंबलंच.

लोखंडी कपाटात त्यांची पुस्तकं होती. सगळी जुनी, खिशात मावणारी, शाळकरी गुप्तहेरांची. मला त्या पुस्तकांचा राग होता. चोरी झाली की त्यांत आधी नोकराची ट्रंक उघडतात. सुटीत सहल काढावी तसे हे दहावीतले हेर जगभर हिंडतात, आणि गडीमाणसाचे डोळे पहिल्याच ओळीपासून 'चोरटे' असतात. मी हे तावातावाने सांगितलं. सोमाभाऊ म्हणाले, "मालूम हाये. म्हणूनच तं एका गड्यासाठी अडून बसलो हावो." आणि त्यांनी एक पुस्तक माझ्या हातात ठेवलं. 'चंद्रतळावरची चोरी'.

विजू आणि कुंदा ही भावंडं मे महिन्याच्या सुटीत मामांबरोबर चंद्रावर जातात. तिथे एक तळ आहे. तळावर कप्तान, डॉक्टर, शास्त्रज्ञ मामा आणि गणपा नावाचा स्वयंपाकी. रॉकेटच्या इंधनटाकीची किल्ली चोरीला जाते. किल्ली सापडली नाही तर कोणीच पृथ्वीवर परतणार नाही. बाहेरच्या धुळीत अर्धेच ठसे दिसतात. उरलेले, विजू म्हणतो, वाऱ्याने पुसले गेले. गणपाच्या पिठाच्या डब्यात किल्लीची साखळी मिळते. सगळे त्याच्याकडे बघतात. एकशे चार नंबरच्या पानावर विजू उठून उभा राहतो आणि म्हणतो, "चोर याच खोलीत आहे. आणि तो म्हणजे—"

तिथे पुस्तक संपतं. पुढची पानं फाटलेली आहेत, आणि फाडणारे खुद्द सोमाभाऊ.

नोकरीचं ते दुसरं वर्ष होतं. आलापल्लीच्या बाजूला वाघांची गणना चालली होती. तेव्हा ओल्या मातीतल्या पावलाभोवती पुठ्ठ्याचं कडं करायचे आणि त्यात प्लास्टर ओतून ठसा घ्यायचे. सोमाभाऊंना नाल्याकाठी फार सुरेख पाऊल सापडलं. प्लास्टर होतं, पुठ्ठा नव्हता. ढग भरून आले होते. पिशवीत अर्धवट वाचलेलं हे पुस्तक होतं. "मले वाटलं मांगची पानं जाहिरातीचीच असतीन. फाडली, दुमडली, कडं केलं, ओतलं प्लास्टर. ठसा असा आला का साहेबानं पाठ थोपटली." आठवड्याने पुस्तक पुरं करायला बसले तेव्हा कळलं, चोराचं नाव वाघाच्या पावलाला चिकटून सरकारजमा झालं होतं.

"चाळीस वर्षं झाली," ते मला म्हणाले. "तो गडी तिथीच उभा हाये. सारे त्याच्याकडं पाहून राह्यले. आन त्याची सुटका म्या फाडली."

सखूबाई आतून म्हणाल्या, "त्या गणपाले म्हणा, चंद्रावरचा सैपाक झाला असन तं इथी ये. मले मदत होईन."

पण सोमाभाऊंचा तपास पक्का होता. चंद्रावर वारा नाही. मग अर्धे ठसे पुसले कोणी? तळाबाहेर पडायला पोशाख लागतो, आणि त्या दिवशी पोशाख घातला होता फक्त कप्तानाने. एकावन्नाव्या पानावर तसं स्पष्ट लिहिलंय. मी म्हणाले, "अहो, वाऱ्याची ती लेखकाची चूक आहे." ते शांतपणे म्हणाले, "असू दे ना. चूक त्याची, पुरावा माहा."

ते प्लास्टर शोधायलाही ते गेले होते. बऱ्याच वर्षांनी त्यांना ते आलापल्लीच्या एका कचेरीच्या खिडकीत दिसलं. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं. कड्याचा कागद कधीच गळून पडला होता, पण कडेला छपाईची शाई उलटी उतरली होती. त्यांनी दाढीचा आरसा लावून वाचलं. दोनच शब्द लागले : 'गणपा हसला'. पुढच्या खेपेला गेले तर रंगरंगोटीत ते वजन कोणीतरी फेकून दिलं होतं.

"निर्दोष सुटला म्हणून हसला असेल," मी म्हणाले.

"चोरबी हसते वं. म्हणून तं पान पाहिजे. चोर असन तं चोर म्हणू. पण पान वाचून म्हणू."

हे त्यांचं वेड मी गमतीचं समजत होते. मग एकदा भाजी निवडताना सखूबाईंनी मला सोमाभाऊंच्या बदलीची गोष्ट सांगितली. जंगलात सागाची मोठी तोड झाली होती. जवळच्या गावची एक बाई वाळक्या सरपणाची मोळी घेऊन जाताना दिसली, तिलाच धरलं. साहेबाने पंचनामा पुढे केला. तीन पानं भरलेली, चौथं कोरं. "सही कर, मागाहून भरतो." सोमाभाऊंनी पेन खाली ठेवलं. "साहेब, थुटावर करवतीचे दात हायेत, आन बाईपाशी बोथट कुऱ्हाड हाये. ते लिवा. शेवटचं पान कोरं असन तं मी कोणालेच चोर ठरवत नाई. एकडाव एका गड्याले तसंच आरोपी ठेवलं, अजून झोप लागत नाई." साहेबाला वाटलं, याने कुणावर तरी खोटी केस केली असणार. त्याला काय माहीत, ती केस चंद्रावरची आहे! बाई संध्याकाळच्या आत घरी गेली आणि सोमाभाऊंची बदली सिरोंच्याच्या टोकाला झाली. त्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "बरं झालं. तेलुगू शिकलो."

मग आम्ही दोघांनी मिळून पान शोधायला सुरुवात केली. चंद्रपुरात जटपुरा गेटाबाहेरची रद्दीची दुकानं पालथी घातली. ग्रंथालयांतून फिरलो. त्याच मालिकेतलं एक दुसरं पुस्तक मिळालं, त्याच्या पाठीवर जाहिरात होती : 'गणपा खरोखर दोषी आहे काय?' सोमाभाऊ परतीच्या बसमध्ये कुरखेड्यापर्यंत खूश होते. "दोषी असता तं विचारलं काऊन असतं?"

गेल्या हिवाळ्यात त्यांना खोकल्याने गाठलं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सखूबाईंना बाजूला घेऊन जे सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं. तेव्हा मी एक काम केलं. मी शेवटचं प्रकरण लिहिलं. जुन्या टाइपासारखी अक्षरं शोधून ते छापलं, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलं, कोपरे मळवले. माझ्या गोष्टीत विजू म्हणत होता : "चंद्रावर वारा नसतो! ठसे कोणीतरी मुद्दाम पुसले. आणि तो म्हणजे कप्तान!" सगळ्यांनी गणपाची माफी मागितली. गणपा हसला. ही दोन वाक्यं लिहिताना मला रडू आलं होतं.

"रद्दीत सापडलं," मी म्हणाले. दुपारची वेळ होती. ते उशीला टेकून बसले, चष्मा लावला आणि दोनदा वाचलं. चेहरा उजळला. मग त्यांनी उशीखालून पेन्सिल काढली आणि एका ओळीभोवती गोल केला.

"एकाहत्तराव्या पानावर हाच विजू म्हणते, वाऱ्यानं पुसले. इथी म्हणते, वारा नसते. मधात शाळेत जाऊन आला का हा?"

त्या लेखकाला जे कधी माहीत नव्हतं, ते मी सोमाभाऊंकडून शिकले होते आणि त्यांनाच परत विकत होते.

"बरं लिवलं हाये," ते म्हणाले. "त्याच्याहून बरं. पण हे तुह्यं हाये वं पोरी. खोट्या पानानं सुटला तं तो सुटला कुठी?"

मग त्यांनी कागद मागितला आणि रीतसर पंचनामा केला. अक्षर सरळ होतं. 'सदर पान खोटे. बनवणारीचा हेतू मायेचा. पान खोटेच.' कागद माझ्यापुढे सरकवला. "सही कर. आधी वाच, शेवटपर्यंत." मी वाचलं आणि सही केली. सखूबाईंनी साक्षीदार म्हणून अंगठा न देता पूर्ण नाव लिहिलं. आम्हा दोघांकडे रागाने बघत.

नवव्या दिवशी सोमाभाऊ गेले. पुस्तक माझ्याकडे आहे. एकशे चार पानांनंतर त्यांनी एक कोरा कागद शिवून ठेवलाय आणि खाली पेन्सिलीने लिहिलंय : 'मनाचं लिवू नका.' मी लिहिलेलं नाही. पत्रकं लिहिते अजून, पूर्वीइतकीच संतापून. फक्त कुणाला चोर म्हणण्याआधी थुटापर्यंत चालत जाते.

तर आता तुमच्याकडे मागणं. तुमच्या माळ्यावर, मामाच्या ट्रंकेत, शाळेच्या बंद कपाटात बघा. 'चंद्रतळावरची चोरी', निळं मुखपृष्ठ, त्यावर घंटेसारखं दिसणारं रॉकेट. सापडलं तर एकशे पाचव्या पानापासून शेवटपर्यंत जसंच्या तसं उतरवा. मजकूर सुधारू नका. वारा असेल तर वारा राहू द्या. गणपा चोर निघाला तरी पाठवा. कुरखेड्याच्या बसस्थानकावर कुणालाही सोमाभाऊंचं घर विचारा आणि पान सखूबाईंच्या हाती द्या. पाण्याच्या गडव्याबरोबर त्या तुम्हाला एक प्रश्न विचारतील. उत्तर आता तुम्हाला माहीत आहे.